दहा अँप्यूल कशाला फोडतेस?

"ताई, नमस्कार. मी सदतीस वर्षांची, डिचोली तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून चौदा वर्षं एका खासगी इस्पितळात वॉर्डात काढली. खाणी बंद पडल्यावर नवऱ्याने ट्रक विकला, आता तो दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. पदवीशिवाय पुढे सरकता येणार नाही हे कळल्यावर साठवणीवर दोन वर्षं काढायची असं ठरवून पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगला प्रवेश घेतला. आता दुसऱ्या वर्षाला आहे. रिसर्च अँड स्टॅटिस्टिक्सच्या चाचणीत पन्नासपैकी नऊ मिळाले. डोस काढायला फळ्यावर बोलावलं तेव्हा खडू हातातून पडला. मॅडम म्हणाल्या, 'एवढी वर्षं नोकरी करून हेही येत नाही?' खरं सांगते, वॉर्डात सलाईनचे थेंब मी नजरेने लावायचे, आणि किती मि.ली. भरायचं ते लिहिलेलं नसलं तर शेजारच्या सिस्टरला हळूच विचारायचे. पाचवीपासून गणित बसलंच नाही, दहावीला जेमतेम सुटले. या वयात हे डोक्यात शिरेल का? की कोर्स सोडून ड्युटीवर परत जाऊ?"

— एक परिचारिका, डिचोली

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

कोर्स सोडू नकोस. पण पत्र वाचून मला धसका बसला तो नऊ मार्कांचा नव्हे. तुझ्यापुढे दोन गणितं आहेत आणि तू दोन्ही एकाच पिशवीत कोंबलीयस. एक चुकलं तर मार्क जातात. दुसरं चुकलं तर पेशंट जातो. नऊ मार्कांसाठी तू रडलीस, आणि नजरेने लावलेल्या थेंबांचं एका ओळीत उरकलंस. आपण उलट करू या. आधी थेंब, मग डोस, स्टॅटिस्टिक्स सगळ्यात शेवटी.

त्याआधी तुझ्या पत्रातला 'पाचवीपासून' हा शब्द. तुझ्या वयाच्या गोव्यातल्या किती मुलींकडून मी तो ऐकलाय! चौथीपर्यंत मराठी शाळा, पाढे तोंडपाठ, आणि पाचवीत एकदम इंग्रजी. नेमका तेव्हाच अपूर्णांक अंगावर येतो. 'अंश-छेद' म्हणायला जीभ वळते ना वळते, तोवर फळ्यावर 'न्यूमरेटर-डिनॉमिनेटर'. मुलीला वाटतं गणित कळत नाही. खरं तर तिला वाक्य कळलेलं नसतं, आणि ते सांगायला तिला कुणी विचारलेलंही नसतं. तू दहावीपर्यंत पाचवीच्या त्या वर्गातच बसून राहिलीस, एवढंच झालं. म्हणून पहिलं काम हे: कच्चं काम मराठीत कर. मनात कोंकणी येत असेल तर कोंकणीत कर. पेपरात उत्तर इंग्रजीत उतरव, पण 'आठ तासांत पाचशे, तर तासाला किती?' हे स्वतःला घरच्या भाषेत विचार. मी तीस वर्षं नर्सिंग शिकवलं, आणि अजून मनातल्या मनात 'बे एके बे'च म्हणते.

आता थेंब. पाचशे मि.ली. सलाईन आठ तासांत द्यायचं आहे. तासाला साडेबासष्ट मि.ली. झाले. सलाईनच्या नळीच्या सेटच्या पाकिटावर बघ, एक मि.ली. म्हणजे किती थेंब ते तिथे छापलेलं असतं. मोठ्यांच्या साध्या सेटवर बहुतेक वेळा २० असतं, काहींवर १५, आणि बारीक थेंबांच्या मायक्रो सेटवर ६०. वीसचा सेट असेल तर तासाच्या मि.ली.ला तीनने भाग, झाले मिनिटाचे थेंब. साडेबासष्ट भागिले तीन, म्हणजे जवळजवळ २१. पंधराचा सेट असेल तर चारने भाग. मायक्रो असेल तर भागूच नको, तासाला जितके मि.ली. तितकेच मिनिटाला थेंब. ही जादू नव्हे. तासाची मिनिटं ६०, त्यांना सेटच्या थेंबांनी भागलं की हाच आकडा उरतो: ६० भागिले २० म्हणजे तीन, ६० भागिले १५ म्हणजे चार, ६० भागिले ६० म्हणजे एक. हे एकदा स्वतः मांडून बघ, मग पाठ करावं लागणार नाही.

आणि थेंब नजरेने नाही, घड्याळाने. पंधरा सेकंद मोज, चारने गुण. एकवीस हवे असतील तर पंधरा सेकंदांत पाचच्या थोडे वर पडायला हवेत. चौदा वर्षांची नजर तयार असते हे मला मान्य आहे, तयार नजरेला मी नावं ठेवत नाही. पण पेशंटने हात दुमडला, उठून संडासला जाऊन आला, सुई जराशी सरकली की थेंब बदलतात. नजर मात्र मघाचाच आकडा बघत राहते.

डोसचं गणित तर तुला येतं. हसू नकोस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगडे शंभराला चार. तू अडीचशे काढलेस, किती येतील? दहा. आणि वर एक मागून घेशील ती गोष्ट वेगळी. कागद घेतलास? सूत्र आठवलंस? हेच ते त्रैराशिक. तीन आकडे माहीत, चौथा काढायचा. वर्गात 'पाहिजे तो डोस भागिले हातातला डोस, गुणिले हातातलं प्रमाण' असं सूत्र शिकवतात ते हेच. फळ्यावर त्याने इंग्रजी कोट घातला की तुझा खडू पडतो.

दहा किलोचं मूल आहे. ऑर्डर पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय ५ मि.ली.त १२५. (ही सगळी उदाहरणं गणितासाठी, डोस डॉक्टरच ठरवणार.) आता सूत्राकडे धावू नकोस. आधी स्वतःला विचार: १२५ ला पाच मि.ली., तर १५० ला पाचहून जास्त की कमी? जास्त. दुप्पट होईल का? नाही, थोडंच जास्त. म्हणजे उत्तर पाच आणि दहाच्या मधलं, पाचच्या जवळचं. मग एकमान पद्धतीने काढ: एका मि.ली.त २५, तर १५० साठी ६ मि.ली. सूत्र उलटं घातलंस तर उत्तर चारच्या जरा वर येईल, आणि तुझं तुलाच कळेल की हे नाही, कारण पाचहून जास्त हवं हे तू आधीच बोललीयस. बाजारात तू हेच करतेस. कोळणीने अडीचशेला शंभर बांगडे पिशवीत घातले तर तू हसशील, आणि तीनच घातले तर भांडशील. तिथे उत्तर किती यायला हवं याची तुला आधीच चाहूल असते. वर्गात आणि वॉर्डात ती चाहूल तू दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवतेस.

मी ती कशी काढून ठेवली होती ते सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. ऑर्डरवर लिहिलं होतं डिगॉक्सिन, हृदयाचं औषध, '.५ मिलिग्रॅम'. पाचच्या आधी शून्य नाही, आणि टिंब कागदाच्या घडीत गेलेलं. मी पाच वाचलं. त्याच्या एका अँप्यूलमध्ये, म्हणजे फोडायच्या काचेच्या कुपीत, दोन मि.ली.त अर्धा मिलिग्रॅम असतं. गणित मी अगदी बिनचूक केलं: दहा अँप्यूल. ट्रेमध्ये ओळीने मांडले, कापूस घेतला, पहिला फोडलाही. पलीकडच्या टेबलावर रजिस्टर भरत बसलेल्या जुन्या सिस्टरने मान वर केली. "बाय, धा कित्याक गो? सगळ्या वॉर्डाक दितली?" एवढंच बोलली. माझे पाय गार पडले. त्या बाईला माझ्यापेक्षा गणित चांगलं येत होतं असं मला नाही वाटत. पण एका माणसाला दहा अँप्यूल लागत नाहीत हे तिला ठाऊक होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो मी प्रत्येक बॅचला सांगितला. एका डोससाठी दोनाहून जास्त अँप्यूल किंवा गोळ्या लागतायत असं दिसलं, किंवा सिरिंजमध्ये दिसणारही नाही इतकं थोडं भरायचंय असं आलं, तर थांब. कधी कधी ते बरोबरही असतं. पण थांबून ऑर्डर पुन्हा वाच, आणि शंका राहिली तर ज्याने लिहिली त्यालाच विचार. लिहिताना टिंबाआधी शून्य घालायचंच, ०.५ असं. आणि पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य कधी काढायचं नाही, ५.० चं ५० व्हायला वेळ लागत नाही. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचा फरक आहे, तिथे तर श्वास रोखून वाचायचं.

इन्सुलिनचंही आताच सांगून टाकते, कारण तिथे गणित बरोबर असूनही सिरिंज दगा देते. लाल टोपीची सिरिंज ४० ची, म्हणजे मि.ली.ला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनची, केशरी टोपीची १०० ची. शंभरची कुपी घेऊन तू चाळीसच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलंस तर पेशंटला दहा नाही, पंचवीस युनिट जातात. कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग, दोन्ही बघितल्याशिवाय सुई टोचायची नाही.

शेजारच्या सिस्टरला 'हळूच' विचारतेस, ते हळूच मला खटकलं. विचारण्यात लाज कसली? इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड यांसारख्या औषधांना दोघींनी तपासायचं ही चांगल्या वॉर्डाची रीतच आहे. पण तू विचारतेस तशी नव्हे. तू तिचं उत्तर घेतेस, आणि ती चुकली तर दोघीही चुकता. तू तुझं काढ, तिने तुझा कागद न बघता तिचं काढायचं, मग जुळवायचं. जुळलं नाही तर दोघींनी पुन्हा. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरचंही तेच. तो तिसरी सिस्टर आहे असं समज, पण टिंब कुठे द्यायचं ते तो तुलाच विचारतो.

आता स्टॅटिस्टिक्स. या विषयाची भीती मला समजते, कारण तो शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच त्याला घाबरून असतात. पुस्तक उघडलं की सिग्मा, वर्गमूळ, एक्सवर आडवी रेघ. मी तुला पुस्तकाआधी आपल्या गोव्याच्या माणसाकडे नेते. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातला. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण पेशाने ते गणिती होते. त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी नाजूक तराजूवर एकेक करून तोलली, हजारो. कशासाठी? टांकसाळीतून बाहेर पडताना सगळी नाणी जवळपास एका वजनाची असतात. बाजारात फिरतात, हाताहातांत झिजतात. त्यामुळे जितकी जास्त वर्षं फिरली तितकं सरासरी वजन कमी होतं. पण झीज सगळ्यांची सारखी होत नाही. एखादं गाडग्यात पुरलेलं राहतं, एखादं रोज फिरतं. म्हणून वजनांमधला फरकही वाढत जातो. या दोन आकड्यांवरून, सरासरी आणि पांगापांग, कुठली नाणी जास्त काळ वापरात होती हे त्यांनी ताडलं. ती पांगापांग म्हणजेच तुझं स्टँडर्ड डेव्हिएशन. सूत्र त्यानंतर येतं.

(त्यांचे वडील धर्मानंद सांखवाळचे. लग्न होऊन मुलगी झाल्यावर, विशीत, शिकण्यासाठी घर सोडून गेले आणि पाली भाषेचे पंडित होऊन आले. थोर खरेच. पण तुला घर न सोडता, डबे भरून, बस पकडून शिकायचंय. ते मला जास्त अवघड वाटतं.)

हे आता वॉर्डात आण. दोन पेशंट, दोघांच्याही दिवसभराच्या तापाची सरासरी ३८. एकाचा ताप ३७.८ ते ३८.२ मध्येच फिरला. दुसऱ्याचा ३६.५ वर उतरला आणि थंडी वाजून ४० वर चढला. सरासरी सारखी आहे म्हणून तू दोघांकडे सारखं लक्ष देशील? चौदा वर्षांत कधी दिलं नसशील. चार्ट बघून तुझी नजर दुसऱ्याकडे वळते ती स्टँडर्ड डेव्हिएशनमुळेच, फक्त नाव ठाऊक नव्हतं. तसंच मीडियन. पाच पेशंट तीन, तीन, चार, चार आणि छत्तीस दिवस राहिले. सरासरी दहा दिवस. पण दहा दिवस तर कुणीच राहिलं नाही! ओळीने मांडून मधला बघ: चार. वॉर्डाबद्दल खरं कोण बोलतंय ते तूच ठरव.

काय-स्क्वेअर, टी-टेस्ट वगैरे यानंतर घे. त्यांत मुळात एकच प्रश्न असतो: दिसलेला हा फरक नुसत्या योगायोगाने पडण्यासारखा आहे का? सूत्रं परीक्षेपुरती पाठ कर, आणि प्रत्येक प्रकारचं एक गणित पाच-पाच वेळा हाताने सोडव. तेच गणित, आकडेही तेच. पुढे प्रोजेक्टची आकडेमोड बहुतेक कॉम्प्युटरवर करशील. पण कुठली टेस्ट लावायची आणि उत्तर शहाणं आहे की नाही, हे कॉम्प्युटर सांगत नाही.

वेळ कुठून आणायचा हे तू विचारलं नाहीस, पण मला तुझी कदंबची बस दिसते. बसमध्ये पुस्तक उघडू नकोस, खिडकीबाहेर बघ. फार तर भागाकार तोंडी कर, पाचशे-आठ, हजार-सहा, शंभर-अर्धा तास, आणि प्रत्येकाचे थेंब. रात्रीच्या पोस्टिंगनंतर गणिताला हात लावायचा नाही, त्या वेळी सोडवलेलं चुकीचंच डोक्यात बसतं. रोज पंचवीस मिनिटं पुरतात, पण रोज. चवथीच्या दिवसांत गणपतीवरची माटोळी बांधताना नाही झालं तर नाही झालं, स्वतःला शिव्या देत बसू नकोस. घरात माध्यमिक शाळेत जाणारं कुणी असेल, तुझं किंवा जावेचं, तर त्याच्याकडून समप्रमाण-व्यस्तप्रमाण शिकून घे. मुलांना आईला शिकवायला फार आवडतं. आणि ती आपल्याला 'एवढी वर्षं नोकरी करून' असं म्हणत नाहीत.

त्या मॅडमचं काय करायचं? तसं बोलायला नको होतं. पण वर्गात उलट उत्तर देऊ नकोस, आणि कॉलेजबाहेर त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात उरलेलं वर्ष घालवू नकोस. एक दिवस वर्ग सुटल्यावर तपासलेला पेपर घेऊन जा. 'मला काहीच येत नाही' असं म्हणू नकोस, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. 'मॅडम, इथपर्यंत मला येतं, या ओळीपासून पुढे कळत नाही' असं म्हण, आणि त्या ओळीवर बोट ठेव. बोट कुठे ठेवायचं ते सापडत नसेल तर तो पेपर आधी घरी मराठीत लिहून काढ, सापडेल. दोनदा जाऊनही त्यांनी वेळ दिला नाही, तर दुसऱ्या कुठल्याही ट्यूटरकडे जा. मदत मागण्यात मॅडमचा अपमान होत नाही.

कोर्स सोडण्याचं एकच कारण मी मान्य करेन: साठवण संपली आणि घरात चूल पेटत नाही. तशी वेळ आली तर फी भरायच्या तारखेआधी कॉलेजशी बोल, आणि त्याला गणिताचं नाव देऊ नकोस.

आता काम. चौदा किलोचं मूल, ऑर्डर किलोमागे १५ मिलिग्रॅम, बाटलीवर ५ मि.ली.त २५०. आणि दुसरं, एक लिटर सलाईन दहा तासांत, पंधराचा सेट. प्रत्येकाला आधी एका ओळीत मराठीत लिही: उत्तर साधारण किती यायला हवं आणि का. मग सोडव. चुकलं तर खोडू नकोस, फाडू नकोस. तो कागद जसाच्या तसा मला पाठव.